शनिवारचा फळा

आमच्या घरातला शनिवार शुक्रवारी संध्याकाळीच सुरू व्हायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेतून आले की पाय धुवायचे, चहा बशीत ओतून प्यायचे आणि मधल्या खोलीतल्या खुर्चीत बसून हाक मारायचे, "शालू, वही घे गं." अण्णा मराठी शाळेत शिकवत आणि संध्याकाळी बुरहानपूरच्या बुधवारा पेठेतलं एक लहानसं वाचनालय बिनपगारी सांभाळत. दोन खोल्या, सात कपाटं, एक लांब बाक आणि दाराशी टांगलेला काळा फळा. त्या फळ्यावर दर शनिवारी तीन ओळी लिहिल्या जात. या आठवड्यात काय वाचावं, कुठलं गाणंबजावणं ऐकावं आणि रेडिओवर काय चुकवू नये. अण्णा सांगत, मी वहीत उतरवून घेई आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात जाऊन खडूनं फळ्यावर लिही. आधी हे काम ते स्वतःच करायचे. मी अकरावीत गेले तेव्हा म्हणाले, "तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, आता तूच लिही." मला मोठं झाल्यासारखं वाटलं. एकाएकी असं का, हे विचारायचं सुचलं नाही.

त्या तीन ओळींची गंमत अशी होती की त्या कुणालातरी उद्देशून असत. "मंगळवारी जैनाबादच्या मंदिरात भजन. मृदंगावरचे बुवा थकले आहेत, पुढच्या वर्षावर टाकू नका." "गुरुवारी सकाळी सव्वासातला रेडिओवर बासरी. चहा आधीच करून घ्यावा, मध्ये उठू नये." पुस्तकाच्या ओळीत तर ते कुणी न्यावं हेही अण्णा सांगून टाकत. "ज्यांचं भावाशी बोलणं बंद आहे त्यांनी आधी न्यावं," असं एकदा लिहिलं, तर एकाच घरातले दोन भाऊ एकाच दिवशी ते पुस्तक मागायला आले. अण्णांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईला हसू आवरेना, तिनं पदर तोंडाला लावला. माझी नात हल्ली पुण्याहून दर रविवारी मैत्रिणींच्या ग्रुपवर अशीच यादी टाकते, हे पुस्तक, हे गाणं, हा पॉडकास्ट. मलाही पाठवते. मी तिला विचारलं, कुणी वाचावं ते लिहीत नाहीस का? तर म्हणाली, "आजी, सगळ्यांनीच." मला ते उत्तर काही पटलं नाही.

आमच्या गल्लीच्या मागेच पावरलूमची रांग होती. दिवसभर खटाखट खटाखट चालू. परगावचा पाहुणा आला की पहिल्या दिवशी त्याचं डोकं दुखायचं, आम्हाला मात्र ती ऐकूच येत नसे. ती ऐकू यायची बंद पडल्यावर. लाईट गेली की एकदम सगळे माग थांबायचे आणि घर जणू विहिरीत पडल्यासारखं शांत व्हायचं. तीच आमची रेडिओची वेळ. आमचा ट्रान्झिस्टर सेलवर चालायचा. आई तव्यावरची भाकरी उतरवून ठेवायची, अण्णा डोळे मिटून खुर्चीत मागे टेकायचे, आणि जळगाव नाहीतर इंदूर, जे लागेल त्यावर जे काही चाललं असेल ते आम्ही ऐकायचो. कधी शेतीचं बोलणं, कधी सनई. लाईट आली की सनई मागांच्या आवाजात बुडून जायची, आणि अण्णा म्हणायचे, "चला, आपला कार्यक्रम संपला." अण्णांना सगळे सूर ओळखता येत. वाटेनं जाणाऱ्याच्या चपलांवरून कोण जातंय तेही सांगत. त्या दिवसांत मला त्याचं फार कौतुक होतं.

वर्षातून तीनचारदा पुण्याहून नव्या पुस्तकांचं पार्सल यायचं. सुतळी कापायचा मान माझा, आणि पुस्तकांना खाकी कव्हर घालायचं कामही माझं. कव्हर घालता घालता मी ती वाचून काढायची. रात्रीच्या जेवणात, वरण-बट्टी असो की शेवभाजी, माझी बडबड पुस्तकांचीच. "अण्णा, या बाईंनी शेवटची वीस पानं अशी उरकलीत ना, जशी पाहुणे दारात आल्यावर आई फोडणी घालते." अण्णा हसायचे, खोदून खोदून विचारायचे. मग पुढे काय झालं? त्या मुलाची आई काय म्हणाली? भाषा कशी आहे? आणि शुक्रवारी खुर्चीत बसून सांगायचे, "लिही, शेवटी लेखिकेला जरा घाई झाली आहे, तरी पहिल्या भागासाठी न्यावं." लोक फळ्यापुढे उभे राहून म्हणायचे, मास्तरांची नजर बघा किती बारीक आहे. मी शेजारी खडू घेऊन उभी. एकदा नाही, दोनदा नाही, आठदहा महिने हे चाललं. माझ्याच तोंडची वाक्यं मीच फळ्यावर लिहायची आणि त्यांचं कौतुक अण्णांचं. सोळाव्या वर्षी ही गोष्ट फार मोठी असते. मला अण्णांचा राग येऊ लागला, आणि तो मी कुणालाही दाखवला नाही.

मग एका शुक्रवारी त्यांनी एक जुनंच, त्यांनी कधीकाळी वाचलेलं प्रवासाचं पुस्तक सांगितलं. मी वहीत नीट उतरवलं. शनिवारी दुपारी मात्र फळ्यापुढे उभी राहिले आणि ते सोडून भलतंच लिहिलं. पुस्तकाचं नाव मनानं रचलं, "पाण्याखालचा जिना". लेखकाला आईच्या माहेरचं आडनाव दिलं. खाली अण्णांच्या थाटात लिहिलं, "धरणात बुडालेल्या आपल्या घराचा जिना रोज उतरू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्यानं जरूर न्यावं." माझा बेत इतकाच होता की अण्णा आले की फळा वाचतील, चमकतील, हे काय म्हणून विचारतील, आणि मग मी सांगीन की जसं तुम्ही माझं घेता तसं मीही माझं लिहिलं.

अण्णा आले. नेहमीसारखे हात मागे बांधून फळ्यापुढे उभे राहिले. जितका वेळ दर शनिवारी उभे राहत तितकाच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "वा! अक्षर छान आलंय आज," आणि आत गेले.

मला वाटलं, त्यांनी ओळखलं, आणि आता माझी परीक्षा बघताहेत.

तेवढ्यात दगडूभाऊ आले. दगडूभाऊ तुकईथडचे. केळीचे बागाईतदार, चाळिशीतले, उंच, अंगात नेहमी पांढरा सदरा. शनिवारी माल घेऊन बुरहानपूरला यायचे आणि लिलाव उरकला की पुस्तक बदलायला वाचनालयात. त्यांच्या बायकोला अक्षरओळख नव्हती. ते वाचायचे आणि ती ऐकायची, त्यामुळे त्यांची मागणी कायम तिच्या नावानं असे. "आमच्या घरचीले रडकं नको म्हणते, हसण्यासारखं काही निकाला मास्तर." त्या दिवशी ते तसं काही बोलले नाहीत. दारात उभे राहून फळा मोठ्यानं वाचू लागले. "पाण्याखालचा जिना." पुढची ओळ वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. शेवटचे शब्द तर ओठातच राहिले. मग आत येऊन म्हणाले, "मास्तर, ते पुस्तक द्या मले."

आत अण्णा कपाटाशी होते. मी बघत राहिले. आता ते म्हणतील, असं पुस्तक नाही. अण्णा माझ्या दिशेनं वळून म्हणाले, "शालू, ते पुस्तक घरीच आहे ना गं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "हो."

"पुढच्या शनिवारी आणून ठेवतो, दगडूभाऊ. तुमच्यासाठीच."

दगडूभाऊ गेले नाहीत. बाकावर टेकले. "मास्तर, येक सांगा. आखरीले तो खाली जातो का? भेटते का ती त्याले?"

वाचनालयात आम्ही तिघंच होतो. अण्णांनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसले. मग, जे पुस्तक जगात नव्हतं त्याचं शेवटचं प्रकरण त्यांनी सांगितलं. "नाही भेटत," अण्णा म्हणाले. "तो रोज दोन भाकऱ्या घेऊन धरणावर जातो. एक स्वतः खातो, दुसरी पाण्यात सोडतो, तिच्यासाठी. वर्षभर असं चालतं. शेवटच्या दिवशी तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो, पायाला पाणी लागतंय. एक भाकरी खातो. दुसरी हातात घेतो, पाण्याकडे बघतो, आणि तीही स्वतःच खातो. तिच्या मनात पहिल्या दिवसापासून तेच होतं, हे त्याला तेव्हा कळतं. मग उठून घरी जातो. बस, इथेच संपतं."

दगडूभाऊंनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "वीस दिवस झाले, मास्तर," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

मी बाकाची कड धरून उभी होते. त्यांची बायको वारली होती आणि मी माझ्या रागापायी फळ्यावर लिहिलं होतं, ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे. हा एक धक्का. पण त्याहून मोठा दुसरा होता. माझे अण्णा खोटं बोलले होते. पान न् पान वाचल्यासारखं, इतकं सुंदर, इतकं सहज. मला लहानपणी पेरूच्या झाडाबद्दल खोटं बोलले म्हणून उपाशी ठेवणारे अण्णा.

तेवढ्यात लाईट गेली. सगळे माग थांबले. त्या शांततेत मी विचारलं, "अण्णा, ते पुस्तक तुम्ही वाचलंय?"

"हो मग. वाचल्याशिवाय सांगितलं का?"

माझ्या दप्तरात फिजिक्सची वही होती, खाकी कव्हरची. काय मनात आलं कोण जाणे, मी ती काढून त्यांच्या हातात दिली. "हे घ्या. दप्तरातच होतं."

अण्णांनी वही उघडली. अंगठ्यानं पानं चाळली. त्या पानांवर माझं निळ्या शाईचं अक्षर होतं, आकृत्या होत्या, आमच्या सरांच्या लाल खुणा होत्या. अण्णा त्यावर मान वाकवून म्हणाले, "हेच ते. छपाई जरा बारीक आहे, नाही?"

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, पण ते वाक्य मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं. मी रडू लागले. रडण्याचा आवाज त्यांच्या कानावर गेला असणार. वही बाजूला ठेवून ते म्हणाले, "काय होतं ते?"

"माझी फिजिक्सची वही."

मग त्यांनी सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, इंदूरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. कडेचं दिसे, म्हणून चालता येई, कपाट सापडे. "पण जिथं बघावं तेच जातं, शालू. तुझ्याकडे बघितलं की तुझं तोंड जातं आणि कान तेवढा दिसतो. शाळेत धडे पाठ आहेत, तिथं निभतं. नवी पुस्तकं मात्र..." ते थांबले. "नवी पुस्तकं तू सांगतेस तेवढीच."

म्हणजे जेवताना ते खोदून विचारत होते ते माझं चोरायला नव्हे. त्यांना दुसरं काही वाचायला उरलंच नव्हतं. मी हुंदके देत सगळं सांगून टाकलं. असं पुस्तक नाही, ते मी रचलं, तुमचं नाक कापायला रचलं.

त्यावर अण्णांचा चेहरा जसा झाला तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. माझ्यावर ते रागावले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं उघडत मिटत होती. "म्हणजे त्या माणसाला मी..." ते म्हणाले. "मला वाटलं, तू वाचलंयस, चांगलं आहे म्हणूनच बदललंस. शेवट मी अंदाजानं सांगितला. वाटलं, जमून जाईल. अरे देवा."

घरी आल्यावर कळलं की आईला सगळं ठाऊक होतं. शाळेतल्या मुलांच्या वह्या दीड वर्ष तीच तपासत होती, आणि मला वाटे की तिला हौस आहे. मी तिच्यावर ओरडले, मला का नाही सांगितलंत? आई पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "सांगितलं असतं तर तू त्यांच्यासाठी वाचत बसली असतीस. त्यांना ते नको होतं बाई. पोरीनं आपल्या आवडीनं वाचावं म्हणायचे. आणि शाळेत कळलं तर काय होईल हीही भीती होतीच की." मी त्या रात्री जेवले नाही. अण्णाही जेवले नाहीत.

आठवडा फार लांब गेला. गुरुवारी अण्णा मुख्याध्यापकांना जाऊन डोळ्यांचं सांगून आले. शुक्रवारी खुर्चीत बसून म्हणाले, "वही घे." मी म्हटलं, अण्णा, दगडूभाऊंना आपण दुसरं एखादं पुस्तक देऊ, म्हणू की ते हरवलं. अण्णा म्हणाले, "आणि तो जन्मभर ते शोधत फिरेल. लिही." मी लिहिलं, आणि शनिवारी ते फळ्यावर उतरवलं. खडू दोनदा तुटला. "या आठवड्यात पुस्तक नाही. गेल्या शनिवारी इथे लिहिलेलं पुस्तक अस्तित्वात नाही. दीड वर्षापासून मला वाचता येत नाही. नव्या पुस्तकांविषयी इथे जे लिहिलं गेलं ते माझ्या मुलीचं आहे. मी ते माझं म्हणून चालवलं, याबद्दल वाचकांची क्षमा मागतो." त्याखाली रेडिओची ओळ मात्र होती. बुधवारी संध्याकाळी सतार.

लोक आले, त्यांनी फळा वाचला. कुणी आत येऊन अण्णांचा हात धरला, कुणी बाहेरूनच गेलं. दगडूभाऊ आले. सगळा फळा त्यांनी मोठ्यानं वाचला, एकेक शब्द सावकाश. मग आत येऊन अण्णांसमोर उभे राहिले. अण्णाही उठून उभे राहिले.

"पुस्तक नाही?"

"नाही, दगडूभाऊ."

"मंग ती भाकरीची गोष्ट?"

"मी बनवली. तुमचा आवाज ऐकला, आणि बनवली. चुकलं माझं."

"माझंही चुकलं," मी म्हटलं. "पुस्तकाचं नाव मी काढलं होतं." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"मास्तर, घरी तिची माय येऊन राह्यली आहे," दगडूभाऊ म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच मला जास्त लागलं. "लेकीच्या मागं म्हातारीनं अन्न सोडलं होतं. मी तिले तुमची ती गोष्ट सांगतली. म्हटलं, पुस्तकात लिहेल आहे. तिनं त्या दिवशी अर्धी भाकर खाल्ली. रोज मले विचारते, पुस्तक आणलं का, पुरं वाचून दाखव. आता तिले मी काय सांगू? झूठ होतं म्हणू?"

दगडूभाऊंनी हातातलं जुनं पुस्तक टेबलावर ठेवलं, नवं घेतलं नाही, आणि निघून गेले. नंतरच्या शनिवारी ते आले नाहीत. त्यानंतरच्याही नाही.

शाळेनं अण्णांना ते वर्ष पुरं करू दिलं. मग ते घरी बसले. वाचनालय सोडायला निघाले होते, पण वाचनालयाच्या लोकांनी सोडू दिलं नाही. कुणीतरी सुचवलं की मास्तर, आता फळ्याबरोबर शनिवारी तासभर पुस्तकच वाचू द्या पोरीला, आम्ही बसून ऐकतो. अण्णांनी मला विचारलं, तुला हवंय का, नको असेल तर नाही म्हण. मी हो म्हटलं. पण पहिले काही शनिवार माझा आवाजच फुटत नव्हता. फळ्यावर रुबाबात लिहिणारी मी, पाचसहा माणसांपुढे पुस्तक नाकाशी धरून पुटपुटायची. मला सारखं वाटे की हे सगळे मनात म्हणत असतील, हीच ती. अण्णा जवळच बसायचे, त्यांना ऐकू जायचं, आणि मला तेवढं पुरेसं वाटायचं.

केळीचा हंगाम उतरणीला लागला होता. एका शनिवारी मी असंच पुटपुटत असताना दाराशी चपलांचा आवाज झाला. अण्णांनी एकदम मान वर केली. दगडूभाऊ आत आले. त्यांच्या हाताला धरून नऊवारी नेसलेली एक वाकलेली म्हातारी होती. तुकईथडहून एवढा बसचा प्रवास करून आलेली. त्यांनी तिला बाकाच्या टोकाला, भिंतीला टेकून बसवलं, स्वतः तिच्या शेजारी बसले. अण्णांना त्यांनी रामराम केला नाही, की मागचं काही काढलं नाही. मी पुस्तक धरून तशीच उभी होते, ओळ कुठं सुटली तेही कळेना.

"थांबली कायले?" दगडूभाऊ म्हणाले. "अन् मोठ्यानं वाच, पोरी. म्हातारीले कमी ऐकू येते."